वाडी आहे, गाव नाही: रायगडातल्या एका कातकरी वाडीचं प्रकरण

अर्ज परत आला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात ग्रामसेवकानं निळ्या शाईत दोन वाक्यं लिहिली होती: 'पेसा क्षेत्र नाही. वाडीची स्वतंत्र ग्रामसभा घेता येणार नाही.' खाली सही आणि शिक्का. पेसा म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा. पहिलं वाक्य बरोबर होतं, दुसरं चूक. पण पहिलं बरोबर असल्यामुळेच दुसरं चूक आहे हे पटवून देताना आमची तीन वर्षं गेली.

वाडी कातकऱ्यांची. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे, आणि नाव छापून आलं की आधी माणसांना त्रास होतो, कागद मग हलतो. धरमतर खाडीच्या आसपास, पेण-अलिबागच्या टापूत अशा वाड्या पुष्कळ. त्यातली एक समजा. चाळीसेक घरं, बरीचशी कुडाची. खालची निम्मी घरं एका मालकाच्या सातबाऱ्यावर, वरची निम्मी वनखात्याच्या हद्दीत. त्याहून वर उतारावर दळीचे, म्हणजे जंगलखात्यानं कसायला दिलेल्या जमिनीचे, तुकडे, पावसात तिथं नाचणी आणि वरी. रस्ता ओलांडून खाली अर्धा तास चाललं की खाजण, तिवरं (खारफुटी) आणि खाडी. ओहोटीला बायका तिथं चिंबोऱ्या आणि निवट्या धरायला जातात. म्हणजे चाळीस घरांच्या वस्तीत जमिनीचे तीन वेगळे कायदे. आणि कागदोपत्री ही वस्ती ज्या गावात मोडते ते गाव दीड किलोमीटरवर, ग्रुप ग्रामपंचायतीचं मुख्य ठिकाण.

प्रकरणाची सुरुवात कुंपणापासून झाली. २०२०मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि या बाजूच्या जमिनीचे भाव वर्षागणिक चढत गेले. पुढे जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर तर विचारायलाच नको. खालच्या जमिनीच्या मालकानं जमीन विकली. नवे मालक मुंबईचे. आधी मोजणीवाले आले, मग सिमेंटचे खांब, मग तार. वाडीचा हातपंप तारेच्या आत गेला. दफनभूमीकडे जाणारी पायवाटही आत गेली. घरं अजून उभी होती, पण एका बाईनं मला जे सांगितलं ते वकिलाच्या नोटिशीपेक्षा नेमकं होतं: 'ताई, आमी घरात हाव, पन घर दुसऱ्याच्या आंगनात हाय.'

त्यांचं म्हणणं सरळ होतं, कुंपण काढा. माझ्या डोक्यात मात्र कायद्याची गुंतवळ सुरू झाली. कुंपण काढायला कोण सांगणार? मालक म्हणून कुणी नाही. कुळ म्हणून कुणी नाही. गाव म्हणून? वाडीला गाव म्हणतच नाहीत.

इथं थोडं मागं जायला हवं. चरीचा शेतकरी संप याच टापूतला, १९३३ ते १९३९. खोताच्या जमिनी कसणार नाही म्हणून शेतकरी सहा वर्षं अडून बसले. त्या लढ्यातून आणि नंतर कुळकायद्यातून इथल्या आगरी-कुणबी कुळांच्या नावावर जमिनी आल्या, आणि त्यांनी त्या मिळवल्या होत्या. पण कातकरी कुळ नव्हता. तो कुळाकडचा मजूर होता: भाताच्या कापणीला, बांधबंदिस्तीला, लाकूड तोडायला, कोळसा पाडायला. खैराच्या लाकडातून कात काढणारा म्हणून कातकरी, असं नावाचं मूळ सांगतात. सातबाऱ्याच्या कुठल्याच रकान्यात त्याचं नाव चढायला निमित्त घडलं नाही. खोत गेला, जमीन कुळाकडे आली, कुळाच्या नातवानं ती विकली. या सगळ्या फेरफारांत वाडी जिथं होती तिथंच होती आणि एकाही फेरफारात तिचा उल्लेख नाही.

आता ग्रामसेवकाच्या पहिल्या वाक्याकडे येते, कारण सगळा पेच त्यात आहे.

७३व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत पंचायतींचा भाग आला. त्यात अनुच्छेद २४३ सांगतो की गाव म्हणजे राज्यपालांनी अधिसूचना काढून गाव म्हणून ठरवलेलं गाव, आणि ग्रामसभा म्हणजे त्या गावाच्या मतदार यादीतली माणसं. आधी सरकारनं गाव म्हणायचं, मग तिथं सभा. अनुसूचित क्षेत्रांना हा भाग थेट लागू नव्हता. तिथं कोणत्या फेरफारांसह लागू करायचा ते संसदेनं २४ डिसेंबर १९९६च्या पेसा कायद्यानं ठरवलं, आणि त्या कायद्यानं क्रम उलटा केला. पेसात गाव म्हणजे एखादी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, एखादा पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथला समाज आपल्या रूढी-परंपरेनुसार आपला कारभार चालवतो. माणसं राहतात, कारभार करतात, म्हणून ते गाव. घटनेच्या छताखाली स्वशासनाची याहून सोपी व्याख्या मला तरी माहीत नाही.

पण ती लागू होते फक्त घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे अनुसूचित, क्षेत्रात. महाराष्ट्रात ते क्षेत्र १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरलं आहे. कोकणात वरच्या टोकाला डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, शहापूर हे सगळं त्यात. रायगडातला एकही तालुका नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलाही नाही.

का नाही, याचं उत्तर शोधताना मी १९३६पर्यंत गेले. १९३५च्या भारत सरकार कायद्याखाली ब्रिटिशांनी 'अंशतः वगळलेली क्षेत्रं' जाहीर केली, तेव्हा ठाणे जिल्ह्यातले डहाणू आणि शहापूर तालुके आणि मोखाडा, उंबरगाव हे महाल त्यात घेतले. कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, बाहेर राहिला. स्वातंत्र्यानंतर यादी वाढली, पण वाढवताना जे निकष वापरले गेले ते असे: आदिवासींची लोकसंख्या जास्त हवी, प्रदेश सलग आणि पुरेसा मोठा हवा, प्रशासनाला सोयीचा हवा. २०११च्या जनगणनेत रायगडात अनुसूचित जमातींचं प्रमाण साधारण साडेअकरा टक्के आहे. त्यातले कातकरी तर कधी सलग राहिलेच नाहीत. ज्या गावाला मजूर लागले त्या गावाच्या शिवेवर तीस-चाळीस घरांची वाडी, पुढच्या गावाच्या शिवेवर दुसरी. ज्यांना दुसऱ्याच्या कामासाठी विखरून राहावं लागलं, त्यांना विखुरलेले आहात म्हणून स्वशासन नाही असं सांगणारा हा निकष आहे. केंद्र सरकारनं कातकऱ्यांना आदिम जमातींमध्ये धरलेलं आहे, महाराष्ट्रातल्या अशा तीन जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे सर्वांत असुरक्षित म्हणून मान्य, पण सर्वांत भक्कम संरक्षणाच्या नकाशाबाहेर.

फरक कागदी वाटू शकतो, म्हणून दोन उदाहरणं. पेसा ग्रामपंचायतींना २०१५पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा थेट मिळतो, खर्च ग्रामसभेनं ठरवायचा. दुसरं, पाचव्या अनुसूचीत राज्यपालांना एखादा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता बदलून लागू करण्याचा अधिकार आहे. तो वापरून २०२०मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी वनहक्क कायद्यात बदल केला आणि अनुसूचित क्षेत्रातल्या वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घर बांधायची वाट करून दिली. आमच्या वाडीला नेमकं हेच हवं होतं. शहापुरात ते झालं, धरमतरच्या काठी नाही.

पहिलं वर्ष मी इथंच घालवलं. 'हा भाग अनुसूचित क्षेत्रात घ्या' म्हणून निवेदनं लिहिली, निकषांवर टिपणं काढली. मागणी योग्य आहे, आजही म्हणेन. पण अनुसूचित क्षेत्र जाहीर करण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा आहे, त्यासाठी राज्य सरकार हललं पाहिजे, आणि तोवर तारेचं कुंपण तसंच राहतं. एका ज्येष्ठ वकिलांनी माझी फाईल चाळली आणि विचारलं, 'तुम्हाला नकाशा बदलायचाय की वाडीची सभा भरवायचीय? दोन्ही एकाच अर्जात मागू नका.' त्याच फाईलमध्ये चिरनेरवर एक लांब परिच्छेद होता. २५ सप्टेंबर १९३०ला अक्कादेवीच्या टेकडीवरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होते. चिरनेर इथून फार लांब नाही. वकीलसाहेबांनी तो परिच्छेद पेन्सिलीनं काढून टाकला. 'समितीला नियमाचा क्रमांक द्या.'

नियमाचा क्रमांक होता २-क.

२००६चा वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७पासून लागू झाला आणि तो अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, देशभर आहे. हे इतकं साधं असूनही रायगडातल्या कार्यालयांत 'पेसा नाही' या दोन शब्दांखाली तोही गाडला जातो. त्याच्या कलम २मध्ये गावाच्या व्याख्येत चार पोटभाग आहेत. पहिला पेसातलं गाव. दुसरा राज्याच्या पंचायत कायद्यातलं गाव. आणि तिसऱ्यात वनग्रामं, जुन्या वस्त्या, मोजणी न झालेली गावं, मग ती गाव म्हणून अधिसूचित असोत वा नसोत. 'असोत वा नसोत' या तीन शब्दांवर आमचं सगळं प्रकरण उभं आहे. ६ सप्टेंबर २०१२च्या दुरुस्तीनं नियम २-क आला: प्रत्येक पंचायतीनं आपल्या हद्दीतल्या, महसुली किंवा वनग्रामाच्या नोंदीत नसलेल्या वाड्या-वस्त्यांची यादी करावी, त्या त्या वस्तीच्या ग्रामसभेत ती मंजूर करून घ्यावी, पंचायतीत ठराव करून उपविभागीय समितीकडे पाठवावी. तिथून जिल्हा समिती यादी अंतिम करते. म्हणजे वाडीला गाव म्हणवून घ्यायचा रस्ता पाचव्या अनुसूचीतून जात नव्हता. तो ग्रामपंचायतीच्या टेबलावरून जात होता.

टेबलापलीकडे सरपंच होते. त्यांना मी खलनायक करणार नाही, कारण त्यांचा प्रश्न खरा होता. 'वाडी वेगळी झाली तर उद्या पंचायत फुटेल. निधी लोकसंख्येवर येतो, तो कमी होईल. आणि डोंगरावर गावातले लोकही सरपणाला जातात, त्यांचं काय?' मी सांगितलं, ही व्याख्या फक्त वनहक्कांपुरती आहे. पंचायत तीच राहते, घरपट्टी तिथंच भरायची, निधीला धक्का नाही. गावातल्या ज्यांच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून आहेत त्यांनाही कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून हक्क आहेत, त्यांनी आपला दावा करावा. हे ऐकून ते नरमले. मला मात्र रात्री झोप नीट लागली नाही. सरपंचांना पटवताना मी जे विकलं होतं तीच या मार्गाची उणीव होती. वाडीला जंगलापुरतं गावपण मिळणार होतं. पाणी, रस्ता, शाळा, दिवाबत्ती यांचे निर्णय दीड किलोमीटरवरच राहणार होते.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडला. त्या दिवशी वाडीतली पन्नाससाठ माणसं गावात आली, बायका पुढे बसल्या. ठराव मंजूर झाला. विरोध फारसा झाला नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना तो कशाचा आहे हे कळलंच नव्हतं.

आता या प्रकरणातला तो भाग, जो कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही.

महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार. वहिवाटीनं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. कातकरी दिवाळीनंतर वाडी सोडतात. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, कधी पनवेल-भिवंडीकडे, कधी थेट कर्नाटकात. परततात मे अखेर, पावसाच्या तोंडावर. पावसाळ्यात हातात पैसे नसतात तेव्हा मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत भट्टी सुटत नाही. चार ठरलेल्या सभांपैकी दोनांना वाडीत फक्त म्हातारी माणसं आणि कोंबड्या. वेठबिगारी १९७६च्या कायद्यानं संपली आहे आणि घटनेचा अनुच्छेद २३ तर पहिल्या दिवसापासून आहे. तरी उचल घेतलेला माणूस सभेसाठी चार दिवस सोडा म्हणून मागायला धजत नाही. जानेवारीत वाडीची ग्रामसभा मुकादमाच्या खिशात असते.

हे मला माहीत होतं आणि तरी मी चुकले. कार्यालयातून पत्र आलं, वाडीची पहिली सभा घ्या, वनहक्क समिती निवडा. तारीख डिसेंबरातली. मी आनंदात होकार कळवला. वनहक्क कायद्याच्या ग्रामसभेला निम्म्या प्रौढांची हजेरी लागते, त्यात एकतृतीयांश बायका. साध्या ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते पुरतं, त्यामुळे मुख्य गावातल्या सभेला गणपूर्तीची काळजी कधी नसते. वाडीत त्या दिवशी एकोणीस माणसं जमली. तलाठी आणि वनरक्षक येऊन बसले, चहा पिऊन गेले. अहवालात लिहिलं गेलं: 'वाडीतील लोकांना स्वारस्य नाही.'

एकानं सुचवलं होतं की भट्टीवरच सभा घेऊ, तीन भट्ट्यांवर मिळून अर्धी वाडी सापडेल. मी म्हटलं, कायद्यात बसत नाही, सभा गावातच हवी. आज मला तितकी खात्री वाटत नाही. गाव म्हणजे माणसं असं आम्ही अर्जात मांडत होतो आणि माणसं जिथं होती तिथं सभा न्यायला मीच तयार नव्हते.

सभा जूनमध्ये झाली, मृगाच्या आधी. आंब्याखाली. एकशे दहाच्या वर माणसं. समितीत दहा ते पंधरा सदस्य लागतात, तेरा निवडले, त्यात सहा बायका. वाडीचा नाईक अध्यक्ष होईल असं मी गृहीत धरलं होतं. लोकांनी चिंबोऱ्या विकून दोन मुलींना शिकवणारी एक विधवा बाई अध्यक्ष केली. नाईकाला ते रुचलं नाही. तो दोन महिने सभांना आला नाही आणि आमची साक्षीपुराव्याची बाजू त्यामुळे लंगडी झाली, कारण दळीचा इतिहास त्याच्या तोंडात होता.

दळीचा घोळ समजावून सांगितला पाहिजे. कुलाबा जिल्ह्यात इंग्रजांच्या काळी जंगलखात्यानं डोंगरउताराचे तुकडे कातकरी-ठाकरांना नाचणी-वरीसाठी कसायला दिले, त्याला दळी म्हणतात. खात्याच्या नोंदीत एका दळीवर एका म्होरक्याचं नाव, कसणारी घरं मात्र अनेक. वनहक्क कायद्याच्या कलम ३मध्ये सरकारनं वनजमिनीवर दिलेले पट्टे वा अनुदानं मालकी हक्कात बदलून घेण्याचा वेगळा हक्क आहे आणि दळी त्यात चपखल बसते. मी जुनी नोंद मिळाली म्हणून हरखून गेले आणि पहिले दावे त्या नोंदीतल्या नावांच्या वारसांकडून भरले. नाईकाचं घराणं. बाकी सात-आठ घरं, जी त्याच दळीवर तीन पिढ्या राबली, ती कागदावरून गेली. वाडीत भांडण पेटलं. वर, पती-पत्नी दोघांच्या नावे हक्क द्यावा असं कलम ४ सांगतं आणि मी अर्जात फक्त पुरुषांची नावं घातली होती. नव्या अध्यक्षबाईंनी अर्ज उलटा धरून (त्यांना वाचता येत नाही) मला विचारलं, 'यात बायांचा कागद कंचा?'

सुदैवानं २०१२च्या नियमांत सोय आहे. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर उपविभागीय समितीनं तो फेटाळायचा नाही, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा. आमचे दावे तसे परत आले. अधिकाऱ्यांना वाटलं त्यांनी आम्हाला अडवलं. आम्ही मनातून त्यांचे आभार मानले. दुसऱ्या खेपेला एकेका दळीवर कोण कुठं पेरतं ते सगळ्यांनी मिळून शिवारात फिरून सांगितलं, जीपीएसवर टिपलं. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले. वडिलधाऱ्यांची लेखी साक्ष नियमानं पुरावा धरली जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दफनभूमी, देवाचे दगड, आजोबांनी लावलेली चिंच, सगळं नोंदलं. नाईक त्या फेरीत आला. दुसऱ्या दिवशी सभेतही आला.

आणि मग खाडी. हा दावा करायची कल्पना माझी नव्हती, बायकांची होती. त्यांचं म्हणणं: डोंगराचा कागद करताय, चिंबोरीचा का नाही? मी म्हटलं, हा जंगलाचा कायदा आहे. त्यावर एकीनं सांगितलं, 'तिवरांत पाटी लागलीय, वन विभाग म्हणून.' मी गप्प झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर, पहिला २००५चा आणि मग सप्टेंबर २०१८चा निकाल, सरकारी जमिनीवरची तिवरं वन म्हणून अधिसूचित होत गेली. तिवरं वाचवण्यासाठी ते झालं आणि चांगलंच झालं. पण त्यामुळे ओहोटीला तिथं उतरणारी बाई एका रात्रीत वनहद्दीत शिरणारी बाई झाली. आणि तिवरं जर वन असतील, तर वनहक्क कायदाही तिथं लागू व्हायला हवा. त्यात पाणवठ्यांतल्या मासळीवरचा सामूहिक हक्क शब्दांत लिहिलेला आहे. पाटी ज्यांनी लावली त्यांनीच आमचा दावा शक्य केला.

सामूहिक दाव्यात आम्ही तिवरांचा तो पट्टा घातला. समितीतल्या एका अधिकाऱ्यानं सरळ विचारलं, कातकरी खाडीवाले कधीपासून? खाडीवर हक्क कोळ्यांचा, आगऱ्यांचा. प्रश्न खोडसाळ नव्हता. खाडीत जाळं लावणारे आगरी-कोळी आहेत, आणि त्यांचा हक्क कातकऱ्यांच्या कागदानं उडता कामा नये. आम्ही दाव्यात होडी-जाळ्याची मासेमारी घातलीच नाही. चिखलात हातानं, आकड्यानं, पायी चालत जे धरतात तेवढंच: चिंबोरी, निवटी, कालवं. किनाऱ्यावरच्या गावातल्या दोन वयस्कर माणसांनी जबाब दिले की यांच्या आज्या इथं यायच्या. तो कागद मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दावा अजून जिल्हा समितीपुढे आहे.

खालच्या घरांचं काय, हे वाचणारा विचारेलच. वरच्या घरांना वनहक्क कायद्याच्या कलम ४ची ढाल आहे: दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. खालची घरं खाजगी जमिनीवर, तिथं हा कायदा हतबल. तिथं आम्ही दोन जुने कायदे उकरले. १९४८च्या कुळकायद्याची कलमं १६ ते १८ राहत्या घरांबद्दल आहेत. मालकाच्या जागेवर स्वखर्चानं घर बांधून राहणाऱ्याला जागेवरून काढता येत नाही, आणि हे संरक्षण कुळांपुरतं न ठेवता शेतमजुरांनाही दिलेलं आहे. दुसरा, जमीन महसूल संहितेचं कलम १२२, ज्याखाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात. पहिल्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज, दुसऱ्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव. पुरावा म्हणून घरपट्टीच्या पावत्या, मतदार याद्या, वीजबिलं. मजा अशी की पंचायतीनं त्या घरांची घरपट्टी कित्येक वर्षं घेतली आहे. कर घेताना वाडी होती.

मधल्या काळात केंद्राची पीएम-जनमन योजना आली. नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर झालेली, ७५ आदिम जमातींसाठी, २४,१०४ कोटींची. कातकरी त्यात आहेत. वाडीत घरकुलांची यादी लागली, खालच्या घरांतलीही नावं आली. मग विचारणा: जागेचा कागद? पैसे मंजूर, घर मंजूर, जमीन कुणाचीच नाही. तारेच्या आत पक्कं घर बांधायला नवा मालक कसा संमती देणार? वरच्या काहींची घरं उभी राहिली. खालच्यांची नावं यादीत आहेत.

उच्च न्यायालयात जावं का, यावर आमचं दोनदा बोलणं झालं. ओडिशातल्या नियमगिरीचा २०१३चा निकाल सगळ्यांच्या तोंडी असतो, जिथं सर्वोच्च न्यायालयानं प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. उपविभागीय सुनावणीत मी तो वाचून दाखवला तेव्हा समोरून लगेच उत्तर आलं: 'तिथं पाचवी अनुसूची आहे, मॅडम.' आहे. म्हणूनच समतेच्या मुद्द्यावर, अनुच्छेद १४ घेऊन, एक याचिका करावी असं मला वाटतं: एकाच जमातीच्या दोन वाड्या, एक शहापुरात, एक अलिबागजवळ, हक्क वेगवेगळे का. वकीलसाहेबांचं मत पडलं की न्यायालय म्हणेल हा वर्गीकरणाचा प्रश्न घटनेनंच राष्ट्रपतींवर सोपवला आहे, आणि हरलो तर तो निकाल रायगडातल्या प्रत्येक वाडीच्या गळ्यात पडेल. मसुदा माझ्या संगणकावर आहे. अध्यक्षबाईंना मी तो समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, याचिकेनं हातपंप तारेबाहेर येईल का. मी नाही म्हटलं.

हातपंपाचं मात्र झालं. वाडीच्या सभेनं ठराव केला, त्याची प्रत तहसीलदारांना, पंचायतीला आणि नव्या मालकाला पाठवली. वनहक्कांपुरत्या ग्रामसभेला हातपंपावर ठराव करायचा अधिकार आहे का, असं कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. कुणी विचारलं नाही. मालकाच्या माणसानं येऊन तार चार हात मागं घेतली, पायवाटेला फाटक ठेवलं. फाटकाला कुलूप आहे, चावी मालकाच्या राखणदाराकडे. राखणदार वाडीतलाच आहे.

आज कागदावर स्थिती अशी: वाडी जिल्हा समितीच्या यादीत आली आहे. दळीचे दावे उपविभागातून पुढे गेले. सामूहिक दावा प्रलंबित, त्यातला तिवरांचा भाग वेगळा काढावा असा वनखात्याचा आक्षेप. कुळकायद्याच्या अर्जावर तारखा पडताहेत. गावठाणाचा प्रस्ताव मोजणीसाठी थांबला आहे. आणि वाडीच्या सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, तिसऱ्या पानावर, एक ठराव आहे जो मी सुचवलेला नाही: 'आमची ग्रामसभा वर्षात तीन वेळा होईल. भट्टीवरून आल्यावर, पोळ्याला आणि भट्टीवर जायच्या आदल्या आठवड्यात. इतर दिवशी साहेबांनी सभा लावू नये.' खाली सह्या चौदा, अंगठे सत्त्याण्णव.